मालकीणबाई

"किती झाले?" दारातल्या मुलानं विचारलं.

अनसूयाबाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या पुढे केलेल्या हातात कागदात गुंडाळलेली बाजरीची भाकरी होती, तीळ लावलेली, सोलापुरी पद्धतीची कडक, आणि वर शेंगाच्या चटणीची पुडी.

"पैसे किती? क्यूआर आहे का तुमच्याकडे?" मुलानं खिशातून मोबाइल काढला.

"अरे, पैसे कसले? आज भोगी आहे ना. घरची भाकरी आहे." त्यांनी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. गंगाधरराव जिन्याच्या कठड्याला टेकून दम खात होते, त्यांच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. मग त्या एका दमात म्हणाल्या, "आम्ही या बिल्डिंगचे मालक आहोत."

मुलानं त्यांच्या धुऊन विटलेल्या सुती साडीकडं पाहिलं, गंगाधररावांच्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं, "ओके" म्हणाला, भाकरी घेतली आणि दार लावून घेतलं. आतून दोघातिघांच्या हसण्याचा आवाज आला.

"झालं समाधान?" गंगाधरराव म्हणाले. "अजून मजले आहेत वर. चला, मालकीणबाई."

पुण्यात वाकडच्या बाजूला असलेल्या त्या इमारतीत साठेक घरं होती आणि सगळी भाड्यानं दिलेली. अनसूयाबाईंनी आदल्या दिवशी दुपारपासून भाकऱ्या थापल्या होत्या. प्रत्येक घराला एक, याप्रमाणे. सोलापुरात त्या दिवशी गड्ड्याची यात्रा, देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा, सगळं गाव त्या बाजूला लोटलेलं, आणि ही दोघं सकाळच्या गाडीनं भाकऱ्यांच्या पिशव्या घेऊन उलट्या दिशेला निघाली होती. असा उद्योग त्यांच्याशिवाय आणखी कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या मजल्यावर एका बाईनं भाकरी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली, तिला मराठी येत नव्हतं. एका गृहस्थानं फेरीवाल्यांना बिल्डिंगमध्ये सोडलंच कसं, म्हणून खाली वॉचमनला फोन लावला. बरीच दारं तर बंदच होती, माणसं कामावर गेलेली. अनसूयाबाई प्रत्येक बंद दाराच्या कडीला पुडकं अडकवत पुढं जात होत्या.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातलं दार उघडलं, ते एका लहानखुऱ्या बाईनं. कडेवर पोर, हात कणकेचे.

"अगं बाई! कडक भाकरी!" ती ओरडलीच. "सोलापूरच्या हाय का ओ तुमी?"

"हो गं. तू?"

"मोडनिंबची. या की आत, दारात का हुब्या? ओ काका, तुमी बी या." मग पोरीला खाली ठेवत ती म्हणाली, "लई दिसांनी बगितली ओ असली भाकरी. हितं पुन्यात कुटं कुटं मिळती, पर ती भाकरी न्हाय, बिस्किट असतंय."

तिचं नाव इंद्रायणी. नवरा सयाजी कंपन्यांच्या कॅबवर ड्रायव्हर. पोरीचं नाव संस्कृती. खोली, आत स्वयंपाकघर आणि एक हातभर गॅलरी, एवढंच घर, पण गॅलरीत तुळस होती आणि दोरीवर पोरीचे फ्रॉक वाळत होते. अनसूयाबाईंनी ते सगळं घर डोळे भरून पाहिलं. आपण मालकीण आहोत हे इंद्रायणीला सांगताना त्यांना या वेळी अडखळावं लागलं नाही.

"म्हंजे ह्ये घर तुमचं?" इंद्रायणीनं गडबडीनं पदर सारखा केला आणि वाकून पाया पडली.

"पंच्याऐंशी जणांचं आहे," गंगाधरराव म्हणाले. "आमच्या वाट्याला ही गॅलरी आली तरी पुष्कळ."

*

अनसूया मोहोळकर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या दिवसांत कानाला हेडफोन लावून सोलापूरची लाइन मुंबईला, बार्शीला, गुलबर्ग्याला जोडून द्यायची हे त्यांचं काम. कुणाच्या बापाचं निधन, कुणाच्या लग्नाची बोलणी, सुताचे भाव, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. लाइन जोडली की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, ऐकत बसायचं नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्या शिस्तीत त्यांची नोकरी झाली. पुढे बटणांचे फोन आले, मोबाइल आले, ऑपरेटरांना काउंटरवर बसवलं, आणि शेवटी खात्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा त्यांनी ती घेतली.

गंगाधरराव टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. मूलबाळ झालं नाही. दोघांनी सगळा जन्म भाड्याच्या घरात काढला, आणि त्यातला बहुतेक भाग बसप्पांच्या घरात, बाळीवेशीजवळ. पुढच्या दोन खोल्या, एक मोरी आणि पाण्याच्या दिवशी सामाईक नळ. बसप्पांच्या पत्नी केराबाई मोठ्या मनाच्या बाई. दर भोगीला सगळ्या भाडेकरूंच्या दारात जाऊन त्या स्वतःच्या हातानं तीळ लावलेली भाकरी द्यायच्या. "माझ्या छपराखालचं माणूस आज उपाशी राहायचं न्हाय बघ," म्हणायच्या, आणि मगच अक्षतेला जायच्या. भाडं थकलेलं असलं तरी भाकरी चुकायची नाही. अनसूयाबाई ती भाकरी पदरात घ्यायच्या आणि दर वर्षी त्यांच्या मनात एकच यायचं, की एकदा आपल्यालाही कुणाला तरी अशी भाकरी द्यायला मिळावी.

तेव्हा घर हवं होतं ते याच्यासाठी. स्वतःचं दार, दारावर नाव, स्वतःची किल्ली. दुसरी कसलीही हौस त्या बाईला नव्हती.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा गंगाधरराव म्हणाले, "विजापूर रोडला एक खोली आणि स्वयंपाकघर येईल यात. घेऊन टाकू."

"तिसऱ्या मजल्यावर? आणि लिफ्ट नाही? तुमच्या गुडघ्यांना विचारा आधी," अनसूयाबाई म्हणाल्या. "जन्मात एकदा घेणार, तर जरा बरं घेऊ की."

तेवढ्यात अमृत आला. त्यांच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाचा, मूळचा बार्शीचा, पुण्यात एका गुंतवणुकीच्या कंपनीत. पोरगा गोड बोलणारा होता आणि लबाड मुळीच नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. त्यानं स्वतःच्या आईचे पैसेही त्यातच घातले होते.

"काकू, शेअरबाजारात भीती असते. इथं अख्खी बिल्डिंग आहे," तो म्हणाला. "आपण पंच्याऐंशी जण मिळून एक भाड्याची बिल्डिंग घेतोय. दर तीन महिन्यांनी भाड्यातला वाटा तुमच्या खात्यात. पाच वर्षं पैशाला हात लावायचा नाही. मग बिल्डिंग वाढलेल्या भावात विकायची आणि सगळ्यांनी आपापला वाटा घ्यायचा. तेव्हा तुम्ही एक खोली कशाला, अंगणवालं घर घ्याल."

"सगळे पैसे आपलेच का? काही कर्ज?" गंगाधररावांनी विचारलं. हिशेबनीस माणूस, तेवढं त्यांना सुचलं.

"थोडं आहे बँकेचं. त्यामुळंच तर वाटा जास्त बसतो."

"आणि उद्या भाडं कमी आलं तर आधी बँक घेणार की आम्ही?"

"काका, बँक आधी, ते तर सगळीकडंच असतं. पण पुण्यात भाडं कमी येतंय कशाला?"

अनसूयाबाई बिल्डिंग बघायला म्हणून मुद्दाम पुण्याला जाऊन आल्या. कागद त्यांनी वाचले नाहीत. रस्त्याच्या पलीकडं उभं राहून त्यांनी सगळ्या गॅलऱ्या पाहिल्या. प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत होते. "एवढी माणसं राहतात तिथं," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भाडेकरूच्या जातीला मी ओळखते. आपण कधी कुणाचं भाडं बुडवलंय का? मग ते कशाला बुडवतील?"

खरं म्हणजे पुढे जे झालं त्यात भाडं कुणीच बुडवलं नाही. अनसूयाबाईंची माणसांची पारख बरोबर होती.

सह्या झाल्या त्या दिवशी अमृत हसत म्हणाला, "अभिनंदन, काकू. आता तुम्ही मालक." ही बोलायची पद्धत असते. अशा कंपन्यांत सगळ्यांनाच असं म्हणतात, आणि ऐकणारा चहाचा घोट घेऊन विसरून जातो. अनसूयाबाई विसरल्या नाहीत. त्यांनी ते अक्षरशः खरं धरलं, आणि पहिल्याच भोगीला भाकऱ्या घेऊन निघाल्या.

*

पुढच्या वर्षी त्यांनी भाकऱ्या कमी केल्या, कारण कुठली दारं उघडतात ते आता माहीत झालं होतं. इंद्रायणीसाठी मात्र वेगळा स्टीलचा डबा, चटणीनं गच्च भरलेला. गावी जाताना सयाजी तो डबा सोलापुरात आणून द्यायचा आणि तो कधी रिकामा यायचा नाही. कधी त्यात इंद्रायणीच्या सासरच्या शेतातली हरभऱ्याची डाळ असायची, कधी पापड, एकदा तर संस्कृतीनं रंगवलेला एक कागद होता. त्यावर एक उंच बिल्डिंग होती आणि गच्चीवर साडी नेसलेली बाई. "ही सोलापूरची आजी," सयाजीनं सांगितलं. अनसूयाबाईंनी तो कागद भिंतीवर चिकटवला. गंगाधरराव आल्यागेल्याला दाखवायचे. "आमची मालकीण. गच्चीवर उभी राहून भाडं वसूल करते."

वाटाही येत होता. तीन महिन्यांनी मोबाइल वाजायचा आणि अनसूयाबाई म्हणायच्या, "आलं बघा भाडं." तो वाटा आहे, भाडं नाही, हे नवरा दर वेळी सांगायचा आणि त्या दर वेळी ऐकून सोडून द्यायच्या.

मग व्याजाचे दर वाढले. अमृतनं ऑनलाइन मीटिंग घेतली. बँकेचा हप्ता फुगला होता. त्यात लिफ्ट आणि रंगकामाला म्हणून आणखी कर्ज काढलेलं होतं. समोरच नव्या इमारती झाल्या होत्या, त्यामुळं भाडं वाढवता येत नव्हतं. "तात्पुरतं वाटप थांबवतोय," तो म्हणाला. त्याचा चेहरा स्क्रीनवर थिजल्यासारखा दिसत होता, ते नेटवर्कमुळं होतं की कशामुळं ते कळलं नाही. पैसे मधेच काढून घेता येतील का, असं कुणीतरी विचारलं. नाही येणार, असं उत्तर आलं.

तात्पुरतं म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या.

इकडं केराबाई गेल्या, त्यांच्या आधी बसप्पा गेलेच होते. त्यांचा मुलगा प्रभुलिंग घर सांभाळत होता. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी तो पुढच्या खोलीत येऊन बसला, चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"काकू, कसं सांगू कळेना झालंय. पोराचं लग्न ठरतंय. मुलीकडचे म्हणतात, जागा दाखवा. आम्हाला आता ह्या दोन खोल्या लागतील की."

"लागणारच की रे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"घाई न्हाय. गुढीपाडव्यापर्यंत बघा. आई असती तर मला हे बोलूच दिलं नसतं तिनं." त्याचे डोळे भरून आले होते. तोही बिचारा काय करणार होता?

तो गेल्यावर गंगाधरराव कॉटवर आडवे झाले. "पाच वर्षं होतायत की आता," ते छताकडं बघत म्हणाले. "सुटतील पैसे. घेऊ काहीतरी."

"नाव मात्र दोघांचं लावायचं दारावर," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी पितळेच्या पाटीची चौकशीही करून ठेवली होती, नव्या पेठेत.

*

दिवाळीनंतर अमृतचा फोन आला. बिल्डिंगला गिऱ्हाईक मिळालं होतं. एका कंपनीला तिथं स्वतःच्या लोकांसाठी गेस्ट हाउस करायचं होतं. भाव बरा देत होते, पण बिल्डिंग रिकामी हवी होती.

"रिकामी म्हणजे?"

"भाडेकरूंचे अकरा महिन्यांचे करार आहेत, काकू. ते पुढं वाढवायचे नाहीत. ज्यांचे बाकी आहेत त्यांना महिन्याची नोटीस. कायद्यानं सगळं बरोबर आहे. पण विक्रीला सगळ्यांचं मत घ्यावं लागतं. मोबाइलवर लिंक येईल. मग ओटीपी टाकायचा, आणि हो किंवा नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बँक ताबा घेईल, काकू. लिलावात काय येईल सांगता येत नाही. कदाचित आपल्या हातात काहीच नाही. हो म्हटलं तर मुद्दल तरी सुटेल असं वाटतंय. माझ्या आईचेही आहेत त्यात. मी तिला हो म्हणायला सांगितलंय."

त्या दिवशी अनसूयाबाईंनी स्वयंपाक केला नाही. पोळी-भाजी बाहेरून आणली, आणि त्या घरात ही गोष्ट आजारपणाशिवाय कधी झाली नव्हती.

"इंद्रायणी कुठं जाईल हो?" त्या म्हणाल्या.

"आपण कुठं जाणार?" गंगाधरराव म्हणाले.

"पोरगी पहिलीत आहे तिची. शाळा जवळ आहे म्हणून तर तिथं राहिलेत ते."

"हे बघ, तू नाही म्हणालीस म्हणून काही राहणार नाही. पंच्याऐंशीतलं एक मत तुझं. बाकीचे हो म्हणून मोकळे झालेसुद्धा असतील."

"मग मला विचारतात कशाला?"

गंगाधरराव उठून त्यांच्याजवळ आले आणि खूप दिवसांत केलं नव्हतं ते केलं, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "अनू, माझं आता दम लागणं वाढलंय. मी गेल्यावर तू भाड्याची खोली शोधत हिंडतेस हे मला बघवत नाही. एकदा तरी स्वतःचा विचार कर की."

लिंक आली. ओटीपी आला. आकडा वाचताना त्यांना चष्मा पुसावा लागला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या आणि बाजूला झाल्या होत्या, या वेळी बाजूला होता येत नव्हतं. त्यांनी 'हो' वर बोट ठेवलं. 'आपलं मत नोंदवलं आहे, धन्यवाद,' असं लिहून आलं.

पंधरवड्यात इंद्रायणीचा फोन आला. ती इतक्या घाईनं बोलत होती की आधी काही कळेना.

"आई, नोटीस लावली ओ आमाला! महिन्यात घर सोडा म्हनत्यात. सगळ्यास्नीच लावली. हितं दुसरीकडं बगितलं तर भाडं दीडपट, आन वर एवढं डिपॉजिट. कुठनं आनायचं? आमी भाडं कदी चुकवलं का, तुमीच सांगा?"

"नाही गं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तर मग तुमी सांगा की त्या बाकीच्या मालकास्नी! तुमचं ऐकतील त्ये. निदान पोरीची परीक्षा हुस्तोर तरी ऱ्हाऊ द्या म्हनावं. सांगता न्हवं?"

सांगायचं होतं, आत्ताच, या क्षणी सांगायला हवं होतं. पण ओठांवर आलं ते ऑपरेटरचं जुनंच वाक्य, लाइन लागत नसली की हजारदा म्हटलेलं, त्याच सुरात.

"प्रयत्न करते," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या मोरीत गेल्या आणि नळाला पाणी नव्हतं तरी बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. मग त्यांनी अमृतला फोन लावला, परीक्षेपर्यंतचं विचारलं. तो म्हणाला, "काकू, खरेदीची तारीख ठरलीये. माझ्या हातात असतं तर..." त्याच्या हातात नव्हतं. कुणाच्याच हातात नव्हतं आणि सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

*

यंदाच्या भोगीला अनसूयाबाईंनी बाजरी दळून आणली नाही. नेहमीसारखी भाजी केली, पोळ्या केल्या. बाहेर गल्लीत अक्षतेला निघालेल्यांची लगबग चालली होती, पांढरे सदरे, पोरांच्या पिपाण्या. प्रभुलिंगच्या घरचे सगळे गेले होते. गंगाधररावही गल्लीच्या तोंडापर्यंत बघायला म्हणून गेले होते.

दारात इंद्रायणी उभी होती. एकटीच. हातात पिशवी.

"तू? ये, ये आत. संस्कृती कुठाय?"

"मोडनिंबला. सासूजवळ." ती आत आली, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. चेहरा उतरला होता, पण हसली. "सामान टेम्पोनं टाकलं काल गावाकडं. ह्ये ऱ्हातील पुन्यात, मित्राच्या खोलीवर. मी आन पोरगी गावात. बगू कसं जमतंय."

"आणि शाळा?"

"तितंच घालायची झेडपीला. रडतीया लई. तिला तिची शाळंतली बाई आवडायची ओ." मग तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, चटणीचा, घासून लख्ख केलेला. "म्हनलं सणाच्या दिवशी जाऊन यावं. तुमचं येनं हुनार न्हाय यंदा."

अनसूयाबाईंनी झाकण उघडलं. डब्यात साखर होती. साखरेवर हळदकुंकवाची बोटं लावलेली एक किल्ली.

"तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? घर सोडताना किल्ली मालकिनीच्या हातात द्यायची, साखर ठिवून. घरानं सांभाळलं म्हनून." इंद्रायणी म्हणाली. "वॉचमन म्हनला, इकडं द्या. त्याला एक दिली. ही दुसरी आमी करून घितली व्हती. म्हनलं, मालकीन माझी सोलापुरात हाय, तिला दिल्याबिगर घर सोडायचं न्हाय."

ही रीत अनसूयाबाईंच्या आईची. त्यांनी ती कधीतरी गप्पांत सांगितली होती आणि विसरूनही गेल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला. मग त्यांना राहवलं नाही.

"इंद्रायणी, ऐक," त्या म्हणाल्या. "विकायचं की नाही, ते आम्हाला विचारलं होतं. प्रत्येकाला. मी हो म्हटलं."

बाहेर पिपाणी वाजत होती.

"म्हंजे मी फोन केला तवा..."

"तेव्हा म्हणून झालं होतं. आम्हालाही हे घर सोडायचंय गं, पाडव्याला. वाटलं, पैसे सुटतील. आपलं एक घर होईल. जन्मभर..." डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तुला सांगायचा धीर झाला नाही."

इंद्रायणीनं मान खाली घातली. बोटानं फरशीवरची रेघ ओढत राहिली. रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं.

"तवाच सांगितलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर मी वाट बगत बसले नसते. रोज वाटायचं, आईंचा फोन येईल."

ती उठली. अनसूयाबाईही धडपडत उठल्या. "थांब, भाकरी टाकते. पीठ आणते शेजारून. भोगी आहे आज, अशी जाऊ नको."

"नगं. एस्टी हाय माजी." दारात तिनं चप्पल घातली. मग नेहमीसारखी वाकून पाया पडली. "डबा ऱ्हाऊ द्या. किल्ली बी. तुमचीच हाय की ती."

ती गल्लीतल्या गर्दीत शिरली. गर्दी सगळी देवाकडं चालली होती आणि ती एकटी स्टँडकडं. अनसूयाबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. आपल्या छपराखालचं माणूस उपाशी गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

*

पैसे माघात आले. बँकेचं फिटलं, दलाली गेली, कंपनीची फी गेली, आणि जे उरलं ते घातलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. अमृत स्वतः सोलापूरला येऊन सांगून गेला. जाताना तो गंगाधररावांच्या पाया पडला आणि रडला. त्याला पाणी द्यावं लागलं. विजापूर रोडची खोली आता त्या पैशात येण्यासारखी नव्हती, लिफ्ट नसलेलीसुद्धा.

गंगाधररावांनी होटगी रोडच्या पुढं एक भाड्याची जागा पाहिली. तळमजला होता, तेवढं बरं.

पाडव्याच्या आधी टेम्पोत सामान चढलं. भिंतीवरचा बिल्डिंगचा कागद काढताना एक कोपरा फाटला, तरी तो कागद अनसूयाबाईंनी घडी घालून ट्रंकेत ठेवला. फरशी पुसली, मोरी धुतली. मग बशीत साखर घेतली आणि प्रभुलिंगला हाक मारली. त्याची नवी सून होणारी मुलगी आणि तिची आई खोल्या बघायला आल्या होत्या, त्या दाराशी उभ्या होत्या.

अनसूयाबाईंनी कमरेचा जुडगा सोडवला. त्यात दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी साखरेवर ठेवून बशी प्रभुलिंगच्या हातात दिली. "घरानं सांभाळलं रे आम्हाला," त्या म्हणाल्या.

प्रभुलिंगनं बशी कपाळाला लावली. मग त्यांच्या हातात राहिलेल्या किल्लीकडं बघून म्हणाला, "काकू, ती पण द्या की. मागच्या दाराची ना?"

"ती इथली नाही."

"मग कुठली?"

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. एरवी मालकीणबाईवर काहीतरी बोलल्याशिवाय न राहणारे गंगाधरराव टेम्पोच्या दोरीची गाठ तपासत होते. ती गाठ त्यांनी आधीच दोनदा तपासली होती.

"आमच्या भाडेकरूची," त्या म्हणाल्या.

त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट ओढली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यातली साखर त्यांनी अजून काढली नव्हती.